वॉरगेमच्या टेबलावर कोरेगाव : मांडणी कोणाची, विजय कोणाचा?

गेल्या डिसेंबरात आम्ही विहाराच्या हॉलमध्ये कोरेगावची लढाई टेबलावर मांडली, तेव्हा दोन आक्षेप आले. पहिला बाहेरचा : "खेळच तर आहे, त्यात कशाला आणता जात?" दुसरा आपल्यातल्याच एका ज्येष्ठ कार्यकर्त्याचा : "ज्या स्तंभापुढे बाबासाहेब नतमस्तक झाले, त्याचा तुम्ही पोरखेळ करताय." पहिल्या आक्षेपाची आम्हाला सवय आहे. दुसरा मात्र मनाला लागला. हा लेख त्याच्या उत्तरासाठी आहे, आणि त्यासाठी या खेळाच्या इतिहासात थोडे मागे जावे लागेल.

अमेरिका आणि इंग्लंडमध्ये ऐतिहासिक लढाया छोट्या रंगवलेल्या सैनिकांनिशी टेबलावर लढणाऱ्यांची मोठी दुनिया आहे. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरला हिस्टॉरिकॉन नावाचे कन्व्हेन्शन भरते, लंडनला सॅल्यूट भरते. जो माणूस खेळ चालवतो त्याला गेम मास्टर म्हणतात. तो काही महिने आधी आपल्या खेळाची नोंद करतो : कोणती लढाई, किती खेळाडू, किती तास. टेबल, डोंगर-नदीची मांडणी, घरे, झाडे, शेकडो सैनिक, फासे, मोजपट्ट्या, नियमांचा एका पानाचा सारांश, सगळे त्यानेच आणायचे. समोर बसणारे सहा-आठ जण अनोळखी असतात. अनेकांनी ते नियम पूर्वी पाहिलेलेही नसतात. साधारण चार तासांत खेळ उरकून टेबल रिकामे करायचे असते.

अनुभवी गेम मास्टरचे काही आडाखे असतात. कुणालाही तासभर हात बांधून बसवू नये. म्हणून इतिहासात दुपारी पोहोचलेली कुमक टेबलावर लवकर आणतात, नाहीतर त्या तुकडीचा खेळाडू कंटाळून निघून जातो. आणि सर्वांत महत्त्वाचे : दोन बाजू असमान असतील तर विजयाच्या अटी बदलायच्या. लहान फौजेने शत्रूचा नायनाट करायची गरज नाही, अंधार पडेपर्यंत जागा धरली की ती जिंकली. अट काय ठेवायची हे गेम मास्टर ठरवतो. म्हणजे कोण लढाई जिंकले याची व्याख्या फासे पडण्याआधीच झालेली असते. इतिहासकारही यापेक्षा वेगळे काय करतो? फक्त त्याचे टेबल दिसत नाही.

या खेळाचे मूळ शोधत गेलो तर वाट आपल्याच अंगणात येते. चतुरंग म्हणजे हत्ती, घोडे, रथ, पायदळ. इथून ते इराणमार्गे युरोपात गेले आणि त्याचे बुद्धिबळ झाले. १७८० मध्ये जर्मनीतल्या ब्राउन्श्वाइगच्या हेलविग नावाच्या शिक्षकाने बुद्धिबळाचाच पट वाढवून, त्यावर जंगल, नदी, तोफा घालून युद्धाचा खेळ तयार केला. १८१२ मध्ये प्रशियाच्या राइसवित्झने चौकटी मोडल्या आणि राजाला खऱ्या भूभागासारखी मांडणी करून दाखवली. १८२४ मध्ये त्याच्या लष्करी अधिकारी मुलाने नकाशा, फासे आणि पंच अशी रचना करून तो प्रशियाच्या सैन्याच्या प्रशिक्षणात नेला. खेळाडूने हुकूम लिहून द्यायचा, पंचाने ठरवायचे की त्याला शत्रू किती दिसतो. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्सने 'लिटल वॉर्स' लिहून हा खेळ घराच्या जमिनीवर आणला. स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफांनी शिशाचे सैनिक उडवायचे. खऱ्या युद्धापेक्षा हे छोटे युद्ध कितीतरी बरे, असे त्याचे म्हणणे होते. वर्षभरातच पहिले महायुद्ध सुरू झाले.

हेलविगपासून वेल्सपर्यंत पटावर बरेच काही बदलले, एक गोष्ट बदलली नाही. प्याद्याला नाव आले नाही.

आता अमेरिकेतले एक उदाहरण घेऊ. अमेरिकन यादवी युद्धातली गेटिसबर्गची लढाई (१ ते ३ जुलै १८६३) या छंदातली अत्यंत लाडकी लढाई. तिथला प्रत्येक टेकाड, प्रत्येक कुंपण खेळाडूंना पाठ असते. गुलामी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेचा सेनापती ली शेवटच्या दिवशी हल्ला करतो, आणि 'त्याने असे केले असते तर' या प्रश्नावर दीडशे वर्षे डोकी शिणली आहेत. पण लीच्या फौजेबरोबर हजारो गुलाम माणसे होती, स्वयंपाकाला, घोडे सांभाळायला, गाड्या हाकायला. याच मोहिमेत त्याच्या सैन्याने पेनसिल्व्हेनियातल्या स्वतंत्र काळ्या माणसांना पकडून दक्षिणेत गुलामीत नेले. टेबलावर हे कुठे असते? नियमाच्या दृष्टीने त्यांची गरजच नसते. ते गोळी झाडत नाहीत, म्हणून ते नाहीत.

त्यानंतर दोन आठवड्यांनी, १८ जुलै १८६३ ला, चार्ल्सटनजवळच्या फोर्ट वॅगनरवर ५४ व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीने हल्ला केला. शिपाई काळे, कर्नल शॉ गोरा. सुमारे ६०० जण वाळूतून चालून गेले, निम्म्याच्या जवळपास मारले गेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. किल्ला पडला नाही. दक्षिणेच्या सैन्याने शॉला त्याच्या शिपायांबरोबर एकाच खड्ड्यात पुरले. अपमान म्हणून. ज्या माणसांनी हे केले त्यांचा पगारही पाहा : गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, काळ्याला १०, त्यातून कपड्यांचे ३ कापून हातात ७. ५४ व्या पलटणीने तो पगार घ्यायलाच नकार दिला. मॅसॅच्युसेट्स राज्य फरक भरून द्यायला तयार झाले, तोही नाकारला. जवळपास दीड वर्ष बिनपगारी लढले. १८६४ च्या जूनमध्ये अमेरिकी काँग्रेसला समान पगाराचा कायदा करावा लागला.

टेबलाच्या हिशेबाने फोर्ट वॅगनर म्हणजे पराभव. पण काळा माणूस लढू शकतो का, हा प्रश्न त्या संध्याकाळनंतर तसा विचारता येईना, आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक उत्तरेच्या सैन्यात भरती झाले होते. ही गोष्ट चार तासांच्या खेळात कोणत्या गुणांकनाने धरायची?

साम्राज्याच्या लढायांचे टेबल तर याहून बोलके असते. २२-२३ जानेवारी १८७९ ला रॉर्क्स ड्रिफ्टला सुमारे १५० जणांनी तीन-चार हजार झुलूंना रात्रभर थोपवले, ११ जणांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. त्याच दिवशी काही मैलांवर इसान्डल्वानाला झुलूंनी ब्रिटिशांची छावणी धुळीला मिळवली होती. इंग्लंडच्या स्मृतीत रॉर्क्स ड्रिफ्ट मोठे आणि इसान्डल्वाना दुर्दैव. मूठभर लाल कोटवाले आणि चहूकडून अगणित 'नेटिव्ह', हे चित्र खेळाडूंना फार आवडते. नियमांत तुकड्यांना मनोधैर्याचे अंक असतात : ही कसलेली, ही साधारण, ही पळणारी. अनुभव आणि प्रशिक्षण पाहून हे अंक दिले तर तक्रार नाही. पण अंक जमातीच्या नावाला चिकटले की काय होते, ते आपल्याला कुणी शिकवायला नको. लॉर्ड रॉबर्ट्सच्या काळात 'लढाऊ जमाती'चा सिद्धान्त हेच करत होता. त्याच सिद्धान्ताच्या आधारे १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची लष्करभरती बंद झाली. ज्यांच्या आज्या-पणज्यांची नावे दगडावर कोरली त्यांनाच 'तुम्ही लढवय्ये नाही' असे सांगण्यात आले. कागदावरचा एक अंक बदलला आणि हजारो घरांची भाकरी, शाळा, पेन्शन गेली.

आता कोरेगाव. आम्ही मांडताना ठरवले होते की जे कागदावर नक्की आहे तेच मांडायचे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टन शिरूरहून निघाला : बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचे सुमारे ५०० पायदळ, ३०० च्या आसपास घोडदळ, दोन सहा-पौंडी तोफा, मद्रास तोफखान्याचे दोन डझन गोरे गोलंदाज. सकाळी भीमेपलीकडे पेशव्यांची फौज दिसली, एकूण २८ हजारांच्या घरात. स्टॉन्टनने गाव धरले. पेशव्यांकडून अरब, गोसावी आणि पायदळाच्या तीन तुकड्या नदी ओलांडून आल्या. प्रत्यक्ष गावात घुसून लढणारे दोन हजारांच्या आसपास. एक तोफ गेली आणि परत मिळवली. दिवसभर पाणी नाही. रात्री नऊच्या सुमारास हल्ला थांबला. कंपनीचे २७५ मृत, जखमी वा बेपत्ता.

आपल्यातल्या अनेकांना हा परिच्छेद आवडणार नाही, हे माहीत आहे. '५०० महारांनी २८ हजार पेशव्यांना कापले' हे आपल्या बॅनरवर असते. पण कंपनीच्या बाजूला सगळे महार नव्हते. मराठे, राजपूत, मुसलमानही होते. पेशव्यांचे सगळे २८ हजार गावात उतरले नव्हते. आणि पेशवाई त्या एका रात्रीत संपली नाही. फेब्रुवारीत आष्टीला बापू गोखले पडला, जूनमध्ये बाजीराव मालकमच्या स्वाधीन झाला. विरोधक नेमकी आपली फुगवलेली आकडेवारी पकडतात आणि तिच्याबरोबर सगळा स्तंभच खोटा ठरवू पाहतात. स्तंभावर ४९ नावे आहेत, त्यांतली २२ 'नाक' प्रत्ययाची. त्याला फुगवायची गरज नाही. बाबासाहेबांनीही गोलमेज परिषदेच्या काळात कोरेगावचा दाखला दिला तो पुरावा म्हणून दिला.

टेबलावर हे जेवढे कळले तेवढे भाषणाने कधी कळले नसते. पहिली अडचण : पेशव्यांकडून बसायला कुणी तयार नाही. शेवटी अर्ध्या खेळानंतर बाजू बदलायच्या असा नियम केला. नववीतली एक मुलगी बापू गोखले झाली. थर्मोकोलची घरे, पुठ्ठ्याच्या भिंती, मध्ये दोन बोटे रुंदीच्या गल्ल्या. ती वैतागून म्हणाली, "सर, माझे एवढे घोडे आहेत, पण ते आत जातच नाहीत!" २८ हजार आणि दोन हजार यांतला फरक तिला आमच्याआधी उमगला. दुसऱ्या एकाने विचारले, "आपले कोणते?" बाजारातून आणलेले सगळे प्लॅस्टिकचे सैनिक सारखेच लाल रंगवलेले. महार कोण, मराठा कोण, ओळखायचे कसे? कंपनीच्या रांगेत ते ओळखू येत नव्हतेच. ज्या पुण्यात अस्पृश्याने कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधून फिरावे असा दंडक असल्याचे बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये नोंदवले, त्या पुण्याच्या सीमेवर एका रांगेत, एका गणवेशात उभे राहणे म्हणजे काय, यावर त्या दिवशी खेळ थांबवून तासभर बोलणे झाले. आमच्या वस्तीतल्या एका मराठा घरातला मुलगाही त्यात होता. २०१८ च्या १ जानेवारीनंतर वस्तीत जे ताण आले ते त्याच्याही घरी पोहोचले होते. तो गप्प होता, पण उठून गेला नाही.

मग विजयाच्या अटी. कंपनीचे कार्ड सोपे : रात्रीपर्यंत गाव धरणे. पेशव्यांचे कार्ड : जनरल स्मिथची फौज येण्याआधी तुकडी संपवणे. या दोन्ही कार्डांवर महार शिपाई नाही. त्याने काय जिंकले? पलटण राखली, पण पाऊणशे वर्षांनी तिचाच दरवाजा त्याच्या नातवाला बंद झाला. गोपाळबाबा वलंगकरांनी, शिवराम जानबा कांबळ्यांनी अर्ज केले. १९१७ ला १११ वी महार पलटण उभी राहिली, युद्ध संपल्यावर मोडली. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब स्तंभापाशी गेले आणि २० मार्चला महाडला चवदार तळ्यावर. तिथे जमलेल्यांत लष्करातून निवृत्त झालेले महार होते. १९४१ ला महार रेजिमेंट झाली, तिच्या टोपीवरच्या चिन्हात कोरेगावचा स्तंभ होता. पुढे बाबासाहेबांनी बुद्धाचा मार्ग दिला. बौद्ध म्हणून लढाईचा खेळ मांडायला आम्हालाही संकोच वाटतो, तो लपवण्यात अर्थ नाही. म्हणून मेलेला सैनिक आम्ही डब्यात टाकत नाही. तो टेबलावरच आडवा ठेवतो. संध्याकाळी मुलांनी ते मोजले.

ज्येष्ठ कार्यकर्ते शेवटी येऊन बसले. त्यांचा आक्षेप पूर्ण गेला नाही. पण तिसरे कार्ड कोरे का ठेवले, असे त्यांनी विचारले. लिहायचे काय ते आम्हाला सुचले नव्हते, म्हणून. त्यांनी कार्ड खिशात घातले आणि म्हणाले, विचार करून सांगतो. पुढच्या डिसेंबरात पुन्हा मांडायचे आहे. त्याआधी स्तंभावरची ४९ नावे स्वतः जाऊन उतरवून आणायचे काम नववीच्या मुलींनी घेतले आहे. प्रत्येक नाव एकेका सैनिकाच्या तळाला चिकटवायचे आहे.