नांव नसलेला खेळाडू

२००८ सालची गोष्ट. अमेरिकेंतील एड ओबॅनन नांवाचे गृहस्थ एका स्नेह्याच्या घरीं गेले होते. त्या स्नेह्याचा मुलगा त्यांना म्हणाला कीं, तुम्ही माझ्या व्हिडिओ गेममध्यें आहांत. मुलानें यंत्र सुरू केलें, आणि पडद्यावर बास्केटबॉल खेळणारी एक आकृति धांवूं लागली. चेहरामोहरा ओबॅनन यांचाच, लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाचा पोशाखहि त्यांचाच, आणि अंगरख्यावर आंकडा ३१. १९९५ सालीं ओबॅनन यांच्या संघानें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें, तेव्हां त्यांचा आंकडा हाच होता. पडद्यावर नव्हतें तें एक नांव. या चित्राला त्यांची संमति कोणी विचारली नव्हती आणि त्याबद्दल एक छदामहि त्यांना मिळाला नव्हता.

श्रोत्यांपैकीं कित्येकांच्या घरीं हे पडद्यावरचे खेळ असतील, आणि त्यांच्यापायीं मुलांना रागें भरण्याचे प्रसंगहि येत असतील. अशा या खेळण्यानें शंभर वर्षांहून जुन्या वादाचें पारडें फिरविण्यास हातभार लावला, ती हकीकत आज सांगावयाची आहे. वाद असा, कीं विद्यापीठासाठीं खेळणाऱ्या विद्यार्थ्याला खेळाबद्दल पैसे द्यावे कीं देऊं नयेत?

कॉलेजचा सामना म्हटला कीं आपल्यापुढें चार बांकें, एक तंबू आणि घसा फोडून ओरडणारे वर्गबंधु एवढेंच चित्र येतें. अमेरिकेंत तसें नाहीं. मिशिगन विद्यापीठाच्या एकट्या क्रीडांगणांत एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. तेथील फुटबॉलहि आपल्या परिचयाचा नव्हे. लंबगोल चेंडू कवटाळून धांवावयाचें आणि धांवणाऱ्याला अंगावर कोसळून पाडावयाचें, असा तो दांडगा खेळ आहे. पैशाचा शिरकाव मात्र त्या फुटबॉलच्याहि आधींचा. १८५२ सालीं हार्वर्ड आणि येल यांच्यामध्यें विनिपेसॉकी सरोवरावर नावांची शर्यत झाली. महाविद्यालयीन सामन्यांचा आरंभ तेथून मानतात. तिचा खर्च सोसला एका रेल्वे कंपनीनें, कारण शर्यत पाहावयास लोक येणार ते तिच्याच गाड्यांतून!

पुढें १९०५ च्या सुमारास येलच्या फुटबॉल संघाचा कप्तान जेम्स होगन याला काय काय मिळत होतें, तें त्या वेळच्या एका मासिकानें उघड केलें. राहणें, जेवणखाण आणि शिक्षण फुकट. सामन्यांच्या वेळीं विकल्या जाणाऱ्या पत्रकांच्या नफ्यांत वांटा. न्यू हेवन गांवांत खपणाऱ्या एका कंपनीच्या सिगारेटींवर दलाली. आणि हंगाम संपतांच क्यूबाची सहल. इतकें पदरांत पडूनहि होगन 'हौशी' तो हौशीच! हा शब्द मोठा लवचिक आहे. आपल्याकडे हौशी नाटक मंडळी आणि धंदेवाईक मंडळी हा भेद परिचयाचा आहे; इंग्लंडांतील क्रिकेटमध्यें तर १९६२ पर्यंत हौशी खेळाडूचीं आद्याक्षरें आडनांवाच्या आधीं आणि धंदेवाईकाचीं मागाहून छापीत असत. असो.

त्याच १९०५ च्या हंगामांत फुटबॉल खेळतांना निदान १८ तरुण प्राणांस मुकले. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना बोलावून घेतलें, आणि १९०६ सालीं महाविद्यालयांची एक संघटना निघाली. १९१० पासून तिचें नांव नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन. जिचा जन्म खेळाडूचा जीव वांचविण्याच्या चिंतेंतून झाला, ती संस्था हळूहळू त्याच्या खिशाची राखणदार बनली. खेळाबद्दल मोबदला घेईल तो विद्यार्थी खेळाडू नव्हे, हें तिचें मुख्य सूत्र. तें पाळलें कोणी? १९२९ सालीं कार्नेगी प्रतिष्ठानानें मोठी चौकशी करून दाखवून दिलें कीं, बहुसंख्य कॉलेजें खेळाडूंना या ना त्या वाटेनें आमिष दाखवीत होतीं. अखेर १९५६ सालीं असोसिएशननें खेळाच्या गुणावर शिष्यवृत्ति देण्यास मुभा दिली.

याच काळांतील एक प्रकरण सविस्तर सांगतों. १९५५ च्या सप्टेंबरांत कोलोरॅडोंतील फोर्ट लुइस कॉलेजचा रे डेनिसन हा खेळाडू फुटबॉलच्या सामन्यांत डोक्याला मार लागून मरण पावला. मागें पत्नी आणि तीन मुलें. कामावर मृत्यु आलेल्या मजुराच्या कुटुंबाला भरपाई मिळते, तशी आपणांस मिळावी असा त्या बाईंनीं दावा लावला. १९५७ सालीं त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें तो फेटाळला: कॉलेज कांहीं फुटबॉलचा धंदा करीत नाहीं! अशाच दाव्यांच्या धास्तीनें असोसिएशननें 'विद्यार्थी-क्रीडापटु' हा जोडशब्द रूढ केला. हें मी पदरचें सांगत नाहीं; असोसिएशनचा कारभार तीन तपांहून अधिक काळ हांकलेले वॉल्टर बायर्स यांनींच १९९५ च्या आपल्या पुस्तकांत तसा कबुलीजबाब दिला आहे. विद्यार्थी म्हटला कीं तो नोकर नव्हे, आणि नोकर नव्हे म्हणजे भरपाई नाहीं.

१९८४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें दूरचित्रवाणीवरील सामन्यांचे हक्क असोसिएशनच्या मुठींतून सोडविले, आणि पैशाचा लोंढा आला. अनेक राज्यांत सर्वांत मोठा सरकारी पगार गव्हर्नरांना नसून विद्यापीठाच्या फुटबॉल-शिक्षकाला मिळूं लागला. या लोंढ्यांतच १९९३ पासून इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीचे महाविद्यालयीन फुटबॉलचे व्हिडिओ गेम निघूं लागले. पुढें त्यांवर असोसिएशनचें नांव आलें आणि परवान्याचे पैसे असोसिएशनला व विद्यापीठांना पोंचले. खेळाडूंचीं नांवें मात्र घालतां येत ना. घातलीं तर मोबदल्याचा प्रश्न निघणार. म्हणून नांव गाळून बाकी सारें हुबेहूब ठेवावयाचें. रटगर्स विद्यापीठाच्या रायन हार्ट यानें दावा लावला, तेव्हां पडद्यावरील आकृतीची उंची, वजन, आंकडा आणि गांव सर्व त्याच्याशीं जुळलें, मनगटावरची पट्टीदेखील! अर्धशतकभर शब्दांच्या पडद्याआड झांकलेली गोष्ट या गेमनें चित्रासारखी समोर मांडली. ही प्रतिमा विकली जाते आणि लोक ती विकत घेतात, मग तिचा मालक कोण?

२००९ सालीं सॅम केलर आणि ओबॅनन यांनीं फिर्यादी केल्या. कंपनीचा बचाव असा, कीं गेम ही कलाकृति आहे आणि कलेला स्वातंत्र्य आहे. २०१३ सालीं दोन अपील न्यायालयांनीं तो अमान्य केला. खेळाडू ज्या कामासाठीं प्रसिद्ध, तेंच काम त्याच्याकडून पडद्यावर करविण्यांत नवी कला कोणती? त्याच वर्षीं कंपनीनें आणि परवाना देणाऱ्या संस्थेनें मिळून ४ कोटी डॉलर्सची तडजोड केली आणि गेम बंद पडला. २०१४ सालीं असोसिएशननेंहि २ कोटी डॉलर्स दिले.

गेमचे चाहते हळहळले, आणि खेळाडूंच्या लोभानें आमचा आनंद गेला असा सूर निघाला. मला हा सूर पटत नाहीं. गेम बंद पडला तो पैसे दिल्यामुळें नव्हे. पैसे देण्याची मनाई होती म्हणून. कंपनी खेळाडूंशीं करार करूं शकली असती, तर खटला उभाच राहिला नसता. पुढचा इतिहास पाहा. २०१९ सालीं कॅलिफोर्नियानें कायदा करून विद्यार्थ्यांना आपल्या नांवावर कमाई करण्याचा हक्क दिला. २१ जून २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊहि न्यायमूर्तींनीं असोसिएशनविरुद्ध निकाल दिला, आणि १ जुलैपासून तिनें आपली बंदी उठविली. २०२४ च्या जुलैंत गेम परत आला. त्यांत दहा हजारांहून अधिक खेळाडू आपापल्या नांवानिशीं सामील झाले. प्रत्येकाला ६०० डॉलर्स आणि गेमची एक प्रत! रक्कम तोकडी आहे, यांत शंका नाहीं. गेम तर त्या वर्षीं अमेरिकेंत सर्वाधिक खपलेल्या गेम्सपैकीं एक ठरला.

विरोधकांची एक भीति मात्र हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. फुटबॉलच्या उत्पन्नावर पोहणें, कुस्ती, मुलींचे कितीतरी खेळ पोसले जातात. तें उत्पन्न फुटबॉलपटूंकडे वळलें तर यांचें काय? जून २०२५ मध्यें न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनीं जी तडजोड मंजूर केली, तींत मागील खेळाडूंसाठीं सुमारें २८० कोटी डॉलर्स ठेवले आणि प्रत्येक विद्यापीठाला पहिल्या वर्षीं सुमारें २ कोटी ५ लाख डॉलर्सपर्यंत रक्कम खेळाडूंत वांटण्याची परवानगी दिली. ती कोणत्या खेळाला किती द्यावी, हें विद्यापीठांवर सोडलें. ओबॅनन यांच्या फिर्यादीचा २०१४ चा निकालहि याच विल्कनबाईंचा होता.

या तडजोडीनें खेळाडूला वांटा दिला. नोकर मात्र ठरविलें नाहीं. डेनिसनच्या पत्नीनें न्यायालयापुढें ठेवलेला प्रश्न तिनें हातीं घेतलाच नाहीं.