औषधदान आणि मुके जीव : एका परंपरेचा इतिहास

जैन धर्मात दानाचे चार प्रकार सांगितले आहेत : आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. यांपैकी औषधदान म्हटले की सामान्यतः माणसांचा दवाखानाच डोळ्यांसमोर येतो. परंतु जीवदयेची परंपरा माणसापाशी थांबलेली नाही. गाय, बैल, घोडा, पक्षी अशा मुक्या जिवांनाही औषध देण्याची वहिवाट या देशात दोन हजार वर्षांहून जुनी आहे. औषध देणे हे पुण्यकर्म खरे, परंतु ते सावधपणे न दिल्यास त्याच हातून हिंसा घडते, हा धडाही याच इतिहासात आहे. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने या दोन्ही बाजूंचा मागोवा घेणे उचित ठरेल.

प्राचीन काळ

गिरनार हे भगवान नेमिनाथांचे निर्वाणक्षेत्र. विवाहाच्या वेळी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून ज्यांनी संसाराकडे पाठ फिरविली, त्यांचे हे तीर्थ. याच गिरनारच्या पायथ्याशी सम्राट अशोकाचे शिलालेख आहेत. त्यांतील दुसऱ्या लेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी अशी दोन्ही प्रकारची चिकित्सा सुरू केल्याचे, आणि जेथे औषधी वनस्पती नव्हत्या तेथे त्या आणून लावल्याचे नमूद आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एका राजाने पशूंच्या औषधाची नोंद दगडावर कोरून ठेवावी, ही गोष्ट लहान नव्हे.

कौटिल्याचे अर्थशास्त्र याच्या पुढे जाते. अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात असा दंड सांगितला आहे की, औषधाच्या दोषाने किंवा उपचारातील हयगयीने घोड्याचा रोग बळावला, तर उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट रक्कम भरावी; आणि परिणाम अगदी उलटा झाला तर जनावराची किंमत भरून द्यावी. चुकीच्या औषधाची जबाबदारी औषध देणाऱ्यावर आहे, हे तत्त्व इतक्या प्राचीन काळी मान्य झाले होते. घोड्यांसाठी शालिहोत्र व हत्तींसाठी पालकाप्य यांच्या नावांवर स्वतंत्र शास्त्रे रचली गेली. तेराव्या शतकात हंसदेव या जैन पंडिताने ‘मृगपक्षिशास्त्र’ लिहून पशुपक्ष्यांच्या स्वभावाचा अभ्यास मांडला.

जैन आचारधर्मात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, फार ओझे लादणे व दाणापाणी तोडणे हे पाचही दोष मुख्यतः पाळीव जनावरांशी संबंधित आहेत, हे सहज लक्षात येते. शिवाय ‘तत्त्वार्थसूत्रा’त हिंसेचे मूळ प्रमादात, म्हणजे असावधपणात सांगितले आहे. औषधाचा विचार करताना हा मुद्दा कळीचा ठरतो.

वऱ्हाडचा वारसा

वाशिम जिल्ह्याला या विचारांचा वारसा लाभला आहे. शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ आणि कारंजा येथील भट्टारकांच्या गाद्या यांमुळे हा भाग शतकानुशतके जैन विद्येचे केंद्र राहिला. कारंजाच्या ग्रंथभांडारांतील हस्तलिखितांमुळे अपभ्रंश साहित्य जगासमोर आले. कारंजा जैन ग्रंथमालेत १९३१ साली डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादित केलेले पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ प्रसिद्ध झाले. यशोधर राजाने पिठाचा कोंबडा करून बळी दिला, तर त्या केवळ संकल्पहिंसेमुळे त्याला जन्मोजन्मी फेरे घ्यावे लागले, अशी ती कथा आहे.

कापसाच्या या मुलुखात शेती बैलाच्या खांद्यावर उभी होती. संवत १९५६ च्या, म्हणजे सन १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडातील जनावरांचे अतोनात हाल झाले. चारापाण्याइतकीच रोगाचीही धास्ती असे. घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत आणि सर्वांत भयंकर म्हणजे बुळकांडी.

पांजरापोळ ते पशुवैद्यक महाविद्यालय

मुंबईत १८३४ साली सर जमशेटजी जिजीभाई आणि शेठ अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने पांजरापोळ स्थापन झाला. पारशी आणि जैन दानशूरांच्या सहकार्याचे ते उत्तम उदाहरण होय. पुढे परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे पशुरुग्णालय उभे राहिले आणि १८८६ साली मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. आश्रय देणाऱ्या दयेला शास्त्राची जोड मिळाली ती येथे.

त्याचे सर्वांत मोठे फळ म्हणजे बुळकांडीचे उच्चाटन. १९५४ साली देशव्यापी लसीकरणाची मोहीम सुरू झाली. १९९५ नंतर भारतात हा रोग आढळला नाही, २००६ साली देश रोगमुक्त ठरला आणि २०११ साली हा रोग जगातूनच नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. योग्य लस, योग्य मात्रा आणि शिस्तीने ठेवलेल्या नोंदी यांचा हा विजय होता.

औषधच विष झाले

मात्र याच काळात दुसरी एक घटना घडत होती. १९९० च्या दशकात देशातील गिधाडे झपाट्याने दिसेनाशी झाली. तीन जातींची संख्या पंचाण्णव टक्क्यांहून अधिक घटली. कारण कोणास उमगेना. पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून २००४ साली उलगडा झाला, की जनावरांना वेदना व सूज यांवर दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध याच्या मुळाशी आहे. औषध दिलेले जनावर लगेच मरण पावले आणि गिधाडांनी ते खाल्ले, की त्यांचे मूत्रपिंड निकामी होऊन ती मरत. थकलेल्या गाईबैलाला आराम मिळावा म्हणून टोचलेल्या सुईने आकाशातील एक जीवसृष्टी संपत आली. देणाऱ्याच्या मनात दया होती. जाण मात्र नव्हती.

भारत सरकारने २००६ साली या औषधाच्या पशुवापरावर बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या जनावरांसाठी वापरल्या जात असल्याने २०१५ साली त्या केवळ एका मात्रेच्या, ३ मिलिलिटरच्या करण्यात आल्या. २०२३ साली किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक आणि २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइड यांवरही पशूंसाठी बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित असल्याचे सिद्ध झाले आहे. गोशाळा चालविणाऱ्या प्रत्येक संस्थेने ही नावे भिंतीवर लिहून ठेवावीत, इतके त्यांचे महत्त्व आहे. कारण वृद्ध व आजारी जनावरे गोशाळेतच अधिक असतात.

सावधपणाचे नियम

औषध देण्याचे शास्त्र पाच प्रश्नांत सामावते : जनावर तेच आहे काय, औषध तेच आहे काय, मात्रा बरोबर आहे काय, मार्ग योग्य आहे काय, वेळ योग्य आहे काय. मात्रा वजनावर ठरते. गाईबैलाच्या वजनाचा अंदाज साध्या टेपनेही घेता येतो. छातीच्या घेराच्या इंचांचा वर्ग करून त्यास शरीराच्या लांबीच्या इंचांनी गुणावे आणि ६६० ने भागावे. घेर ६० इंच व लांबी ५० इंच असल्यास वजन सुमारे २७३ किलो येते. नजरेच्या अंदाजापेक्षा हा हिशेब पुष्कळ बरा.

पातळ औषध पाजताना जनावराची मान फार उंच करू नये, जीभ ओढून धरू नये आणि ठसका लागताच थांबावे. औषध श्वासनळीत गेले तर फुप्फुसाचा दाह होऊन जनावर दगावते. माणसाचे औषध परस्पर देऊ नये. माणसाला चालणारे पॅरासिटामॉल मांजराला प्राणघातक ठरते. प्रतिजैविक दिल्यावर पशुवैद्यांनी सांगितलेले दिवस पूर्ण होईपर्यंत त्या गाईचे दूध माणसांनी वापरू नये. लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी. २०२२ साली महाराष्ट्रात लम्पी त्वचारोगाची साथ आली, तेव्हा वऱ्हाडालाही तिची झळ पोहोचली. प्रत्येक जनावराला स्वतंत्र सुई वापरण्याचे महत्त्व अशा साथीत विशेष जाणवते, कारण एकाच सुईने रोग एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो.

उपचार ठरविण्याचे काम नोंदणीकृत पशुवैद्यांचे आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ मध्ये याची तरतूद आहे. सेवकांचे काम सांगितलेले औषध नीट देणे आणि त्याची नोंद ठेवणे. दुकानात जशी रोजकीर्द, तशी गोशाळेत औषधवही हवी. तारीख, जनावराची खूण, औषध, मात्रा आणि देणाऱ्याची सही इतके रकाने पुरेत. पुढे उपचारास आलेल्या वैद्याला या वहीवरून आधी काय दिले गेले ते कळते, आणि जनावर दगावलेच तर त्याचे शव उघड्यावर टाकणे धोक्याचे आहे काय हेही कळते.

अशोकाच्या शिलालेखापासून औषधवहीपर्यंतचा हा प्रवास एकच गोष्ट सांगतो. माणूस आपले दुखणे बोलून दाखवितो, चुकीच्या औषधाची तक्रारही करतो. मुका जीव यांपैकी काहीच करू शकत नाही. म्हणून त्याच्या वतीने विचारण्याचे, मोजण्याचे आणि लिहून ठेवण्याचे कर्तव्य औषध देणाऱ्यावर येते. दान देणारे हात समाजात पुष्कळ आहेत. त्यांना अप्रमादाची जोड मिळाली, तर पुढील पन्नास वर्षांत औषधदान खऱ्या अर्थाने अभयदानही होईल.