सुकाणू कोणाच्या हाती होते? : एका विनाशिकेचा अपघात आणि हरवलेली पोच

१/
२१ ऑगस्ट २०१७. अजून उजाडायचे होते. अमेरिकी आरमाराची ‘जॉन एस. मॅकेन’ ही विनाशिका सिंगापूरच्या सामुद्रधुनीकडे, जगातील अत्यंत वर्दळीच्या जलमार्गात शिरत होती. ५ वाजून २१ मिनिटांच्या सुमारास सुकाण्याने ब्रिजवर वर्दी दिली : सुकाणू चालत नाही. पुढच्या तीन मिनिटांत ‘अल्निक एमसी’ या तेलवाहू जहाजाचे नाळेचे टोक विनाशिकेच्या डाव्या कुशीत घुसले. १० नाविक मरण पावले, ४८ जखमी झाले. मृत नाविक आपल्या झोपण्याच्या दालनांत होते.

२/
पुढे चौकशीत एक विलक्षण गोष्ट समोर आली. सुकाणू क्षणभरही बंद पडले नव्हते. यंत्राच्या नोंदी तसे स्पष्ट सांगत होत्या. म्हणजे एकाच घटनेची दोन समकालीन साधने आपल्यापुढे आहेत : सुकाण्याची वर्दी आणि यंत्राची नोंद. दोन्ही परस्परविरोधी आहेत. अशा वेळी एक साधन खरे आणि दुसरे खोटे ठरवण्याचा मोह होतो. येथे मात्र दोन्ही खरी होती. ती कशी, हे समजण्यासाठी सुकाणूच्या इतिहासात थोडे मागे जावे लागेल.

३/
‘सुकाणू’ हा शब्द मूळचा अरबी ‘सुक्कान’. हिंदी महासागरातील व्यापाराबरोबर तो आपल्या किनाऱ्यावर आला आणि मराठीत रुजला. त्याहून जुन्या काळी सुकाणू म्हणजे जहाजाच्या मागील बाजूस बांधलेले एक मोठे वल्हेच असे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातील प्रसिद्ध जहाजाच्या चित्रात अशी सुकाणूची वल्ही दिसतात. उत्तर युरोपात हे वल्हे उजव्या बाजूस बांधत. इंग्रजीत जहाजाच्या उजव्या बाजूला ‘स्टारबोर्ड’ म्हणतात, ते त्यावरूनच : सुकाणू धरण्याची बाजू.

४/
जहाजाच्या मागच्या मध्यरेषेवर बसवलेले सुकाणू चीनमध्ये पहिल्या शतकाच्या सुमारास वापरात होते. ग्वांगझौ येथील हान काळातील एका थडग्यात सापडलेल्या मातीच्या नौकेवर ते दिसते. युरोपात त्याची सर्वांत जुनी चित्रे सुमारे ११८० मधील आहेत आणि ती चर्चमधील बाप्तिस्म्याच्या दगडी पात्रांवर कोरलेली आहेत. रचना बदलली, तरी एक गोष्ट कायम राहिली. सुकाणूचा दांडा माणसाच्या हातात असे आणि पाण्याचा दाब त्या दांड्यातून थेट तळहातापर्यंत पोहोचे.

५/
हा मुद्दा साधा वाटतो, पण पुढील सारा इतिहास त्याच्याभोवती फिरतो. दांडा धरणारा तांडेल डोळे मिटूनही सांगू शकतो की नाव कोणत्या बाजूस ओढते आहे, वेग वाढला की मंदावला, सुकाणू पाण्यात आहे की लाटेने वर उचलले गेले. त्याने दिलेल्या आज्ञेची पोच पाणी त्याच्या हाताला देत असते. टपालातील पोचपावतीचा अर्थ येथे ध्यानात घ्यावा : निरोप गेला एवढेच नव्हे, तर तो पोहोचला.

६/
जहाजे मोठी झाली तसा दांडा हाताला पेलेना. युरोपीय जहाजांवर प्रथम एक उभी काठी जोडून तो हलवू लागले. पण तिच्याने सुकाणू थोडेच फिरे, आणि ती धरणारा बहुधा खालच्या तक्तपोशीवर असल्याने त्याला समोरचा समुद्र नीट दिसत नसे. अठराव्या शतकाच्या आरंभी चाक आले. दोर आणि कप्प्यांच्या साहाय्याने दांडा दूर राहूनही फिरवता येऊ लागला. हात आणि पाणी यांच्यामध्ये प्रथमच एवढी यंत्रणा उभी राहिली.

७/
यंत्रणा बदलली, पण भाषा जुनीच राहिली. दांडा उजवीकडे ढकलला की जहाज डावीकडे वळते. म्हणून ‘उजवीकडे’ या आज्ञेचा अर्थ ‘दांडा उजवीकडे, जहाज डावीकडे’ असा रूढ झाला होता. चाक आल्यावरही दोन शतके हीच आज्ञा चालू राहिली. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ‘टायटॅनिक’वर ‘हार्ड अ-स्टारबोर्ड’ अशी आज्ञा झाली आणि जहाज डावीकडे वळू लागले. यात सुकाण्याची चूक नव्हती. त्या काळच्या संकेताप्रमाणे तेच अपेक्षित होते. ब्रिटिश जहाजांवर हा संकेत १९३० च्या दशकाच्या आरंभी बदलला.

८/
आता वेगाकडे वळू. वाफेची जहाजे आली तेव्हा एक नवी अडचण निर्माण झाली. दिशा ब्रिजवर ठरे, पण वेग खोल तळाशी, इंजिनाच्या खोलीत. समुद्र पाहणारा एक आणि वाफेची झडप फिरवणारा दुसरा. दोघे एकमेकांच्या दृष्टीआड. आरडाओरडा, धावते निरोपे, बोलण्याच्या नळ्या असे उपाय झाले. त्यातून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘इंजिन टेलिग्राफ’ सर्वत्र रूढ झाला. जुन्या चित्रपटांतील जहाजांवर दिसणारी, मूठ असलेली पितळी तबकडी ती हीच.

९/
तिची कार्यपद्धती पाहण्यासारखी आहे. ब्रिजवरील अधिकारी मूठ ‘पुढे, मंद’ या खुणेवर नेतो. खाली घंटा वाजते आणि तेथील तबकडीचा काटा त्याच खुणेवर येतो. पण काम येथे संपत नाही. खालचा माणूस आपली मूठ त्याच खुणेवर आणतो. तेव्हा वर घंटा वाजते आणि ब्रिजवरील दुसरा काटा जुळतो. आज्ञा आणि पोच एकाच तबकडीवर शेजारी शेजारी दिसतात. पाण्याने हाताला देणे थांबवलेली पोच माणसांनी घंटेच्या रूपाने परत आणली होती.

१०/
आता पुन्हा २०१७ मध्ये येऊ. ‘मॅकेन’वर सुकाणू आणि वेग यांचे नियंत्रण नव्या संगणकीय प्रणालीकडे होते. दोन्ही पंख्यांचा वेग टचस्क्रीनवरून ठरे. ब्रिजवर शेजारी शेजारी दोन आसने होती आणि कोणतेही काम कोणत्याही आसनाकडे सोपवता येई. जागा वाचते, भाग कमी लागतात, एक आसन बिघडले तर दुसरे चालते. कागदावर ही निवड निर्दोष होती.

११/
त्या पहाटे कप्तानाच्या लक्षात आले की सुकाण्याला दिशा आणि वेग दोन्ही सांभाळणे कठीण जात आहे. त्याने वेगाचे काम शेजारच्या आसनाकडे देण्यास सांगितले. हे हस्तांतर होताना वेगाबरोबर सुकाणूचा ताबाही नकळत शेजारी गेला. प्रणाली त्या वेळी राखीव हस्तचालित पद्धतीत चालवली जात होती. त्या पद्धतीत एका आसनाला दुसऱ्याच्या संमतीवाचून ताबा घेता येत असे. म्हणजे घंटा नाही, जुळणारा काटा नाही, पोच नाही.

१२/
जहाज सरळ ठेवण्यासाठी सुकाणू थोडे उजवीकडे धरलेले होते. ताबा बदलताच ते मध्यावर आले आणि जहाज हळूहळू डावीकडे वळू लागले. सुकाण्याने चाक फिरवले. काहीच घडले नाही. त्याच्या दृष्टीने सुकाणू खरोखरच निकामी झाले होते. प्रत्यक्षात ते हातभर अंतरावरील दुसऱ्या आसनाच्या ताब्यात, पूर्णपणे शाबूत होते. आरंभी म्हटलेली दोन्ही साधने खरी होती, ती अशी.

१३/
संकट पाहून वेग कमी करण्याची आज्ञा झाली. येथे दुसरा घोळ झाला. डाव्या व उजव्या पंख्याचे थ्रॉटल पडद्यावर एकमेकांशी जोडता येत; हस्तांतरात ती जोडणी सुटली होती. त्यामुळे वेग फक्त डाव्या पंख्याचा उतरला. उजवा पंखा जोरात ढकलत राहिला आणि जहाज आणखी वेगाने डावीकडे, थेट ‘अल्निक’च्या वाटेत वळले. धातूच्या दोन मुठी असत्या, तर एक मागे आणि एक पुढे राहिलेली हाताला लगेच कळली असती. काच मात्र सर्वत्र सारखीच गुळगुळीत असते.

१४/
पोच केवळ नियंत्रणाची हरवते असे नाही. स्थान दाखवणाऱ्या उपकरणांचीही हरवते. जून १९९५ मध्ये ‘रॉयल मॅजेस्टी’ हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बोस्टनला निघाले. थोड्याच वेळात त्याच्या जीपीएसची अँटेनाची तार निसटली. उपग्रहाशी संबंध तुटताच ते उपकरण वेग आणि दिशा यांवरून केवळ अंदाजाने स्थान दाखवू लागले. पडद्यावर दोन बारीक अक्षरे उमटली, क्षणभर एक क्षीण आवाज झाला. आकडे पूर्वीसारखेच ऐटीत बदलत राहिले.

१५/
सुमारे ३४ तास कोणाच्या लक्षात आले नाही. १० जूनच्या रात्री जहाज अमेरिकेच्या नॅन्टकेट बेटाजवळील उथळ वाळूत रुतले, ठरलेल्या मार्गापासून सुमारे १७ मैल दूर. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. स्थान पडताळण्याची इतर साधने ब्रिजवर होती. ती ताडून पाहिली गेली नाहीत. इतिहासाच्या अभ्यासात एकाच बखरीवर विसंबणाऱ्याची जी गत होते, तीच येथे झाली.

१६/
यावरून ‘जुने ते सोने’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. १७०७ मध्ये ब्रिटिश आरमाराची चार जहाजे सिलीच्या खडकांवर फुटली आणि हजाराहून अधिक माणसे बुडाली. आपण नेमके कोठे आहोत हे त्यांना ठाऊक नव्हते. ढगाळ आकाशाखाली सेक्स्टंट निरुपयोगी असतो. उपग्रहाने असंख्य प्राण वाचवले आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न जुन्या-नव्याचा नाही. आपण बिघडलो आहोत हे उपकरण सांगते की लपवते, हा प्रश्न आहे.

१७/
या दृष्टीने मुंबईत बांधलेल्या एका नौकेची आठवण येते. ३२ फूट लांबीची, सागवानी ‘सुहेली’. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन याने १९६८-६९ मध्ये तिच्यातून ३१२ दिवसांत एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारा तो पहिला माणूस. स्थान काढण्यासाठी सेक्स्टंट, धरायला दांडा, आणि वाऱ्याच्या दिशेवर चालणारे एक स्वयंचलित सुकाणू. ते स्वयंचलित सुकाणू अर्ध्या वाटेत, ऑस्ट्रेलियाच्या आसपास मोडले. पण मोडले ते डोळ्यांसमोर. काय गेले आणि काय उरले हे त्याला ठाऊक होते. शिडांचा तोल साधून आणि दांडा बांधून तो पुढे गेला.

१८/
त्या सफरीच्या पन्नाशीनिमित्त २०१८ मध्ये, १९६८ च्या काळातील साधनांनीच करावयाची स्पर्धा झाली. भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी तीत उतरले. ‘सुहेली’च्या धर्तीवरील त्यांची ‘थुरिया’ गोव्यात बांधलेली होती. हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळाने तिची डोलकाठी मोडली आणि टॉमींच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. पुढच्या खेपेस, २०२३ मध्ये, त्यांनी ती स्पर्धा दुसऱ्या क्रमांकाने पूर्ण केली.

१९/
‘मॅकेन’च्या अपघाताची जबाबदारी कोणाची? २०१८ मध्ये कप्तानाने आणि प्रशिक्षणाची जबाबदारी असलेल्या एका वरिष्ठ नाविकाने कर्तव्यात कसूर केल्याचे लष्करी न्यायालयात मान्य केले. त्या पहाटे ब्रिजवर असलेले काही नाविक दुसऱ्या जहाजावरून तात्पुरते आलेले होते आणि तेथील नियंत्रणे बरीच निराळी होती. अमेरिकेच्या परिवहन सुरक्षा मंडळाने २०१९ च्या अहवालात मुख्य ठपका आरमाराच्या अपुऱ्या देखरेखीवर, आणि तिच्यातून आलेल्या तोकड्या प्रशिक्षणावर व कार्यपद्धतींवर ठेवला. संमतीवाचून ताबा बदलू देणारी राखीव पद्धत, हे त्याने अपघाताचे एक पूरक कारण मानले.

२०/
त्याच वर्षी आरमाराने जाहीर केले की या वर्गाच्या विनाशिकांवर टचस्क्रीनऐवजी पुन्हा हाताने धरायचे, यांत्रिक थ्रॉटल बसवले जातील. ताफ्यातील नाविकांना विचारले असता त्यांनी तेच मागितले होते. हा प्रश्न मुळात उपकरणे निवडतानाच विचारला असता, तर? इतिहासात जर-तरला स्थान नसते. परंतु निवड कोणी केली आणि ती वापरणाऱ्याला विचारले होते का, हे शोधणे इतिहासाचेच काम आहे.

२१/
म्हणून अपघाताच्या वृत्तान्तात ‘मानवी चूक’ हे दोन शब्द दिसले, की तेथे वाचन थांबवू नये. त्या शब्दांआड बहुधा दुसरी माणसेही असतात. काही वर्षांपूर्वी, एखाद्या दूरच्या कचेरीत, पडद्याची निवड करणारी. सुकाण्याची वर्दी सोबत वाचली नाही, तर यंत्राची नोंद त्यांचा पत्ता लागू देत नाही.

२२/
जाता जाता एक विनंती. कोकण आणि गोव्याच्या बंदरांत सुकाणूचा दांडा, त्याच्या खिळी, त्याला बांधायचे दोर यांना आजही वेगवेगळी नावे आहेत. आपल्या घरी किंवा गावी कोणी तांडेल असतील, तर ती नावे त्यांना विचारून येथे खाली जरूर लिहावीत. सोबत गावाचे नावही द्यावे. शब्दांच्या या नोंदी पुढच्या अभ्यासकाला साधने म्हणून उपयोगी पडतील. धागा येथे संपला.