गुप्तधनाची साक्ष : गंगाखेड आणि गोदाकाठ

गोदावरीच्या दक्षिण तीरावर वसलेले, परभणी जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असलेले गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. परंतु गोदाकाठच्या इतर जुन्या वस्त्यांप्रमाणे या परिसरालाही जमिनीखालच्या धनाविषयीच्या कथांची मोठी परंपरा लाभलेली आहे. सातवाहन, चालुक्य, राष्ट्रकूट, यादव, बहमनी, मोगल आणि शेवटी हैदराबादचे आसफजाही निजाम अशा अनेक राजवटी या पट्ट्याने पाहिल्या. बँका नसलेल्या त्या काळात साठवलेले धन मातीच्या किंवा तांब्याच्या भांड्यात घालून जमिनीत पुरून ठेवणे ही सामान्य कुटुंबांचीही रीत होती, त्यामुळे पडक्या गढ्या, जुनी देवळे आणि पांढरीची टेकाडे, म्हणजे जुन्या वस्तीच्या राखाडी-पांढरट मातीचे उंचवटे, यांच्याभोवती अशा कथा जमल्या नसत्या तरच नवल. धन पुरले जात होते ही वस्तुस्थिती आहे. अमुक गढीत अमुक देशमुखाने सात हंडे पुरले हे मात्र, पुरावा पुढे येईपर्यंत, कुणाचे तरी मत आहे. या दोन विधानांतील अंतर पुसले गेले की इतिहासाचे नुकसान होते, आणि कधीकधी माणसांचेही.

हरवलेल्या ऐवजाचा पुरावा कसा तोलावा हा प्रश्न जनाबाईंच्या चरित्रकथेतच मध्यवर्ती आहे. महिपतींनी अठराव्या शतकात, १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजय’ या संतचरित्रात आलेल्या आख्यायिकेनुसार विठ्ठलाच्या गळ्यातील रत्नजडित पदक नाहीसे झाले, ते जनाबाईंकडे सापडले, आणि तेवढ्यावरून त्यांना चोर ठरवून सुळावर चढवण्याची शिक्षा फर्मावण्यात आली. देव स्वतः त्यांच्याकडे येऊन पदक तेथे विसरला आणि जाताना त्यांची वाकळ पांघरून गेला, हे पुजाऱ्यांच्या कल्पनेतही आले नाही. कथेच्या चौकटीत पाहिले तर पदक जनाबाईंकडे मिळाले ही वस्तुस्थिती होती आणि त्यांनी ते चोरले हे अनुमान होते. न्याय करणाऱ्यांनी अनुमानालाच वस्तुस्थिती मानले. मात्र हाच निकष खुद्द कथेलाही लावावा लागतो, कारण महिपती आणि जनाबाई यांच्यात सुमारे चार शतकांचे अंतर आहे. अठराव्या शतकातील वारकरी समाज जनाबाईंकडे कोणत्या भावनेने पाहत होता याचा ‘भक्तविजय’ हा उत्तम पुरावा आहे, परंतु चौदाव्या शतकातील पंढरपुरात एखादा अलंकार खरोखर हरवला होता का, या प्रश्नावर त्याची साक्ष पुरेशी ठरत नाही. असे म्हटल्याने श्रद्धेचा अवमान होत नाही. साक्ष कोणत्या प्रश्नाची आहे, एवढेच त्यातून स्पष्ट होते.

गोदावरीच्याच काठी, वरच्या अंगाला नाशिकजवळील जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडलेला चांदीच्या नाण्यांचा साठा हे या विवेकाचे अधिक भक्कम उदाहरण आहे. या साठ्यात १३,००० हून अधिक नाणी होती, आणि ती क्षहरात क्षत्रप नहपान याच्या बनावटीची होती. एका बाजूस राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूस बाण आणि वज्र, तसेच ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी लिपींतील लेख असे त्यांचे स्वरूप आहे. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. ‘पुनर्मुद्रित नाणे’ असे ज्याला म्हणतात त्या या प्रकारात जुने नाणे न वितळवता त्यावरच नवी चिन्हे उमटवली जातात, आणि म्हणून तीन कमानींच्या टेकडीच्या चिन्हाखालून नहपानाच्या चेहऱ्याचे नाक किंवा हनुवटी, कडेला ग्रीक लेखातील एखाददुसरे अक्षर, आजही डोकावताना दिसते. इथपर्यंतचे सारे कोणालाही भिंगाखाली पडताळून पाहता येते. गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव करून त्याचे चलन ताब्यात घेतले हे त्यापुढचे अनुमान आहे, आणि ते बळकट ठरते याचे कारण नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीचा शिलालेख क्षहरात कुळाचा उच्छेद केल्याचे श्रेय तिच्या पुत्राला देतो. एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन पुरावे येथे एकाच दिशेने बोट दाखवतात. याउलट, नाण्यांवरील मुखवटे वयाने व चेहरेपट्टीने परस्परांपासून भिन्न दिसतात म्हणून ती एकाच पुरुषाची चित्रे नसावीत, असे जे म्हटले गेले ते मत आहे. निरीक्षण अचूक असूनही निष्कर्ष वादाचा राहतो. आणि एवढी चांदी नेमकी कोणी, कोणत्या भीतीने पुरली, याविषयी नाणी काहीही सांगत नाहीत.

अभ्यासकही या सीमारेषेवर अडखळतात, हे दायमाबादच्या ब्राँझ शिल्पांनी दाखवून दिले. गोदावरीची उपनदी असलेल्या प्रवरेच्या काठी, तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यात, १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस अशी चार शिल्पे मिळाली. त्यांचे एकत्रित वजन ६० किलोंहून अधिक आहे. म. के. ढवळीकर यांनी ती उत्तर हडप्पा काळातील मानली, तर डी. पी. अग्रवाल यांनी धातूतील एक टक्क्यापेक्षा अधिक असलेल्या आर्सेनिककडे लक्ष वेधून त्या कालनिर्णयाला हरकत घेतली. शिल्पे आहेत, त्यांचा धातू मोजता येतो, आणि पुढे झालेल्या उत्खननात त्या टेकाडावर उत्तर हडप्पा काळातील वस्तीचा थरही उघड झाला. परंतु शिल्पे त्याच थरातून आली होती हे पाहणारा प्रशिक्षित डोळा त्या क्षणी तेथे नव्हता. दोन जाणकार विद्वानांचा वाद निर्णायकपणे मिटत नाही तो विद्वत्तेच्या अभावी नव्हे, तर मातीच्या त्या एका नोंदीच्या अभावी.

लोकसमजुतीत मात्र या नोंदीची जागा खुणांनी घेतलेली आहे. पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या व्यक्तीला, डोळ्यांत अंजन घातले असता जमिनीखालचे धन दिसते. धनावर नागाचा पहारा असतो. ते बळी मागते: अशा समजुती मराठवाड्यातच नव्हे तर महाराष्ट्रभर आढळतात. त्यांचा घातक विशेष असा की त्या पडताळणीची वाटच बंद करतात. खणून काही निघाले नाही तर धन ‘सरकले’ किंवा विधी चुकला असे सांगितले जाते, आणि जे विधान कोणत्याही निकालाने खोटे ठरू शकत नाही त्याला पुरावा म्हणता येत नाही. परभणी जिल्ह्यातीलच मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात स्त्रिया व बालिकांच्या एकामागून एक हत्या झाल्या, आणि त्यामागे अपत्यप्राप्ती व गुप्तधन यांसाठी बळी देण्याची प्रेरणा होती असे फिर्यादी पक्षाने न्यायालयात मांडले. २०१३ च्या महाराष्ट्रातील जादूटोणाविरोधी कायद्याने गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अमानुष कृत्यांचा स्वतंत्र उल्लेख केला आहे, यावरून ही समजूत केवळ जुन्या पिढ्यांपुरती उरलेली नव्हती हे उघड होते.

जमिनीतून खरोखरच काही निघाले तर काय करावे, याची चौकट १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमाने घालून दिलेली आहे. जमिनीत किंवा जमिनीशी जोडलेल्या वास्तूत दडलेली कोणतीही मूल्यवान वस्तू म्हणजे निखात निधी, अशी त्याची व्याख्या असून, दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास शोधणाऱ्याने त्याचे स्वरूप, अंदाजे किंमत, जागा आणि दिनांक जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावा, असे बंधन त्यात आहे. त्याहून महत्त्वाचा आहे तो चौकशीचा क्रम. निधी कोणाला, कोठे आणि कोणत्या परिस्थितीत सापडला हे जिल्हाधिकाऱ्यांनी निश्चित करावयाचे आहे. तो कोणी व कोणत्या परिस्थितीत पुरला हे मात्र शक्य असेल तितकेच. कायद्याच्या मसुदाकारांनी या एका मर्यादेतून वस्तुस्थिती आणि अनुमान यांना वेगवेगळी पायरी दिली, ही गोष्ट इतिहासलेखनाच्या दृष्टीनेही मोलाची आहे. मालकी सांगणारा कोणी पुढे आला नाही आणि अन्य करार नसेल, तर शोधणाऱ्यास तीन-चतुर्थांश व जागेच्या मालकास एक-चतुर्थांश वाटा मिळण्याची तरतूदही त्यात आहे. तरीही सापडलेला ऐवज दडवून मुशीत वितळवला गेला, तर चांदीचे वजन तेवढे उरते आणि राजाचे नाव, टाकसाळीचा ठसा, नाण्यांचा परस्परक्रम हे सारे एकाच वेळी नष्ट होते. भांड्याचे खापर फेकून दिले की ते पुरण्याचा काळ ठरवण्याचे दुसरे साधनही हातचे जाते. म्हणून गंगाखेडच्या परिसरात विहीर खणताना किंवा जुन्या वाड्याचा पाया काढताना असे काही दिसल्यास नाण्यांच्या संख्येइतकेच त्या खड्ड्याची खोली, भोवतालच्या मातीचा रंग आणि भांड्याच्या काठाचा तुकडा यांची नोंद त्याच दिवशी होणे आवश्यक असते.