साहेबांचा पगार कोण ठरवतो?

मुंबईच्या गिरणगावात जुन्या काळी एक विचित्र गोष्ट घडत असे. गिरणी तोट्यात जायची, भागधारकांच्या हाती लाभांशाची दमडीही पडायची नाही, पण गिरणीचा कारभार पाहणाऱ्या मॅनेजिंग एजंटची कमाई चालूच राहायची. कारण एकोणिसाव्या शतकात अनेक गिरण्यांत एजंटाचे कमिशन नफ्यावर नव्हे, निघालेल्या मालावर ठरलेले असे. दर रत्तल सुतामागे पाव आणा! सूत खपो न खपो, चात्या फिरल्या की पाव आणा सुटला. आणि हा करार मंजूर करणारे संचालक कोण? पुष्कळदा एजंटाच्याच घरातले, नाहीतर मर्जीतले. देणारा हात आणि घेणारा हात एकाच बाहीतून बाहेर येत होता म्हणा ना.

कमिशन निव्वळ नफ्याशी बांधण्याचा नियम कायद्यात आला तो १९३६ साली. खरा लगाम पडला १९५६ च्या कंपनी कायद्याने. तेव्हा अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव देशमुख. या कायद्याने एक आकडाच घालून दिला. कंपनी चालवणाऱ्या सगळ्यांचा मिळून मोबदला निव्वळ नफ्याच्या ११ टक्क्यांवर जाता कामा नये. नफाच झाला नाही तर वर्षाला ५० हजार रुपये, आणि त्याहून जास्त हवे असतील तर सरकारची परवानगी. पुढे १९७० च्या एप्रिलमध्ये मॅनेजिंग एजन्सीची पद्धतच बंद झाली. एजंट गेले, ११ टक्के राहिले.

अमेरिकेने आकडा घातला, पण करकायद्याच्या आडून. १९९३ मध्ये ठरले, की बड्या अधिकाऱ्याला वर्षाला दहा लाख डॉलरपेक्षा अधिक पगार खुशाल द्या, मात्र वरची रक्कम खर्च म्हणून दाखवून करात सवलत मागू नका. कामगिरीवर आधारलेला मोबदला तेवढा यातून वगळला. मग काय, पगार दहा लाखांवर थबकले आणि शेअर ऑप्शनचा पाऊस सुरू झाला. ही पळवाट बुजवायला २०१७ साल उजाडावे लागले.

इंग्लंडची तऱ्हा निराळी. तिथे १९९५ साली ब्रिटिश गॅसच्या वार्षिक सभेबाहेर कामगार संघटनेने चक्क एक डुक्कर आणून उभे केले. नाव ठेवले सेड्रिक! कंपनीचे प्रमुख सेड्रिक ब्राऊन यांचा पगार ७५ टक्क्यांनी वाढून पावणेपाच लाख पौंड झाला होता, आणि ही कंपनी काही वर्षांपूर्वीपर्यंत सरकारी मालकीची होती. पुढे २००२ च्या नियमांनी संचालकांच्या मोबदल्याचा अहवाल भागधारकांपुढे मतदानाला ठेवणे सक्तीचे केले. निकाल मात्र बंधनकारक नव्हता. तरी २००३ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइनच्या भागधारकांनी निसटत्या बहुमताने अहवाल फेटाळला, आणि कंपनीला आपल्या प्रमुखाचा करार नव्याने मांडावा लागला. लाजेलाही काही किंमत असते, नाही का? धोरणावरचे मत बंधनकारक झाले ते २०१३ पासून.

त्याच वर्षी मार्चमध्ये स्वित्झर्लंडने थेट जनतेचाच कौल घेतला. थोडेच दिवस आधी नोव्हार्टिसच्या मावळत्या अध्यक्षांना ७ कोटी २० लाख फ्रँक देण्याचा बेत उघड झाला होता. ओरड झाली, बेत सोडावा लागला, पण लोकांचा राग शमला नाही. जवळजवळ ६८ टक्के मतदारांनी कौल दिला, की मोबदल्यावर भागधारकांचे मत बंधनकारक असावे आणि निरोपाची घसघशीत थैली बंद व्हावी. मात्र नोव्हेंबरमध्ये, वरिष्ठाचा पगार सर्वांत कमी पगाराच्या बारा पटींपेक्षा जास्त नको, हा प्रस्ताव आला तेव्हा याच मतदारांनी तो नाकारला.

आपल्याकडे २०१३ च्या नव्या कायद्यानेही ११ टक्के कायम ठेवले, आणि संचालकाचा पगार मधल्या कर्मचाऱ्याच्या किती पट आहे हे जाहीर करणे नोंदणीकृत कंपन्यांना भाग पाडले. २०१८ च्या सप्टेंबरपासून मर्यादा ओलांडायला सरकारची परवानगी लागत नाही. भागधारकांचा विशेष ठराव पुरतो, म्हणजे पडलेल्या मतांपैकी तीन चतुर्थांश मते. आता आपल्या कित्येक कंपन्यांत निम्म्याहून अधिक शेअर प्रवर्तक कुटुंबाकडेच असतात, आणि पगार घेणारा कार्यकारी संचालक पुष्कळदा त्याच घरातला असतो.