गलबताच्या तळाची निगा

आरमाराच्या इतिहासात सरखेलांची नावे आढळतात. गलबतांचे तळ खरवडणाऱ्या हातांची नोंद क्वचितच सापडते. आम्हीही आयुष्यभर शाळेत इतिहास शिकविला. पण या हातांविषयी विद्यार्थ्यांस चकार शब्द सांगितला नाही, ही आमची चूक होय.

शेवाळ व शिंपले यांनी तळ माखला की गलबत मंदावते, आणि मंद गलबत शत्रूच्या हाती पडते. याकरिता गोदी हवी. वाघोटन खाडीवर गिर्ये येथे खडकात खोदलेली आरमारी गोदी आजही तिची साक्ष देते. गोदी नसेल तेथे इंग्रज खलाशी जहाज तरंगत असतानाच एका कुशीवर कलते करीत, उघडी पडलेली बाजू खरवडीत आणि तीवर चरबी, राळ व गंधक यांचा लेप देत. फाल्कनरच्या १७६९ सालच्या नौकाकोशात हे वर्णन आहे. मात्र अशाने तळाचा वरचा भागच स्वच्छ होई.

१७५६ साली विजयदुर्गास तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. गलबते गेली, तरी तळ राखण्याची विद्या आपल्या वृद्धांच्या स्मरणात आहे. ज्ञातीतील तरुणांनी ती वेळीच लिहून ठेवावी, अशी आमची नम्र विनंती आहे.