खाशाबांचा ‘अर्जुन’ कुठे अडला?

१९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला आणि कुस्तीतील पहिला मान उदयचंद यांना मिळाला. त्याच वर्षी योकोहामाच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी कांस्यपदक जिंकले होते. निवडीत खोट काढण्यास जागा नाही.

प्रश्न उरतो तो खाशाबा जाधवांचा. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये बँटमवेट गटात त्यांनी मिळवलेले कांस्य हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले होते. असा प्राचार्य विरळाच!

पुरस्कार ताज्या कामगिरीसाठी असतो, हा युक्तिवाद १९६१ पुरता मान्य करता येईल. परंतु दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी देशाला लिएंडर पेसची, म्हणजे १९९६ ची वाट पाहावी लागली. ४४ वर्षांत एकाही निवड समितीला अपवाद सुचू नये, हे पटत नाही.

खाशाबा १९८४ मध्ये अपघातात गेले. २००० सालचा ‘अर्जुन’ त्यांना मरणोत्तर मिळाला. २००१ मध्ये मिल्खा सिंग यांनी हाच पुरस्कार, फार उशीर झाला म्हणून, नाकारला. खाशाबांना नकार देण्याचीही सोय उरली नव्हती.